क्युरारे : हालचाल थांबवणारे, शुद्ध मात्र न घालवणारे विष

रानवेल (धागालेखक)

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत राहणारे आदिवासी समाज शिकारीसाठी जे बाणविष वापरत आले, ते क्युरारे या नावाने जगभर ओळखले जाते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि या विषाचा विषय अल्कलॉइडांच्या, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त रसायनांच्या, प्रकरणात दरवर्षी निघत असे. मात्र त्याचा वैद्यकातील प्रवास अभ्यासक्रमात कधी नव्हता. तो प्रवास मला फार मोलाचा वाटतो, कारण माणूस पूर्णपणे निश्चल असूनही पूर्णपणे जागा असू शकतो आणि त्याचा श्वास दुसऱ्या कोणी चालवला तर तो जगतोही, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना या विषाने शिकवल्या. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी वनस्पतींविषयी. क्युरारे एका विशिष्ट झाडापासून मिळत नाही. पेरू आणि इक्वेडोरच्या बाजूला ते मुख्यतः काँड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम या मोठ्या काष्ठवेलीपासून बनते. ही वेल मेनिस्पर्मेसी कुळातली, म्हणजे आपल्या गुळवेलीच्या कुळातली आहे. गयाना आणि ओरिनोकोच्या बाजूला स्ट्रिक्नॉस टॉक्सिफेरा आणि तिच्या जवळच्या जाती वापरल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाइपझिगच्या रुडॉल्फ बोएम यांनी, हे विष ज्या भांड्यांतून युरोपात येई त्यांवरून, त्याचे बांबूच्या नळीतले, मातीच्या मडक्यातले आणि भोपळ्याच्या तुंब्यातले असे तीन वर्ग पाडले. वरवर पाहता ही वर्गवारी बाळबोध वाटेल, पण प्रत्येक प्रदेशातील वेल आणि भांडे ठरलेले असल्यामुळे ती रसायनशास्त्रालाही बरीचशी लागू पडली.

हे विष कसे करतात याचे उत्तम वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी केले आहे. १८०० साली ते आणि त्यांचे सहप्रवासी वनस्पतिशास्त्रज्ञ बाँप्लां ओरिनोकोकाठच्या एस्मेराल्डा या वस्तीत पोचले, तेव्हा तेथील विष करणाऱ्या वृद्ध जाणकाराने त्यांना सगळी कृती दाखवली. वेलीची साल खरवडून ती कुटायची, तिचे पिवळसर तंतू केळीच्या पानाच्या द्रोणासारख्या गाळणीत भरायचे आणि वरून थंड पाणी ओतायचे. थेंबथेंब गळणारे पिवळे पाणी मातीच्या पसरट भांड्यात आटवायचे आणि अधूनमधून ते चाखून पाहायचे. कडवटपणा पुरेसा वाढला की अर्क तयार झाला. तो बाणाच्या टोकाला चिकटत नाही, म्हणून शेवटी दुसऱ्या एका झाडाचा चिकट रस घालून त्याचा डांबरासारखा काळा लगदा करायचा. हुम्बोल्टनेही तो चाखला. ओठांना किंवा हिरड्यांना जखम नसेल तर हे विष पोटात गेले तरी चालते, हे तिथे सर्वांना ठाऊक होते आणि पोटाच्या तक्रारींवर ते घेणारी माणसेही होती.

याच प्रवासात दमट हवेने विष पातळ होऊन हुम्बोल्टच्या सामानात सांडले आणि एक पायमोजा त्याने भिजला. मोजा चढवण्यासाठी हातात घेतल्यावर तो चिकट लागला म्हणून त्यांच्या ध्यानात आले. त्या वेळी कातडीत शिरणाऱ्या पिसवांमुळे त्यांच्या पावलांना रक्ताळलेल्या जखमा होत्या.

पोटातून न बाधणारे विष रक्तात जाताच का मारते, याचे कारण त्याच्या रेणूत आहे. त्यातील नायट्रोजनावर कायमचा धनभार असतो आणि असा रेणू आतड्याच्या पेशींतून सहसा पार होत नाही. त्यामुळे बाणाने मारलेल्या माकडाचे मांस निर्धास्त खाता येते. झाडावरच्या शिकारीत आणखी एक फायदा असा की साध्या बाणाने जखमी झालेले माकड फांदीला घट्ट धरून तिथेच मरते, तर क्युरारेने त्याच्या हातापायांची पकडच सुटते आणि ते खाली पडते.

शस्त्रक्रियागृहात हे विष कसे पोचले, हे जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

सह्यकडा

लेख आवडला. एक शंका आहे. हे विष सगळे स्नायू निकामी करते असे म्हणतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. मग मृत्यू हृदय बंद पडून येतो की श्वास बंद पडून?

भूलतज्ज्ञ (जिल्ह्याचे गाव)

@सह्यकडा, तुमच्या शंकेचे उत्तर श्वास हे आहे, आणि ते सिद्ध करायला काही गाढवे खर्ची पडली आहेत.

इच्छेने हलणाऱ्या स्नायूंना मज्जातंतूंकडून हुकूम मिळतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. मज्जातंतूच्या टोकापासून ते सुटते आणि स्नायूवरच्या ग्राहकाला, म्हणजे ते स्वीकारणाऱ्या ठरावीक जागेला, जाऊन चिकटते. क्युरारेतील ट्यूबोक्युरारीन त्या ग्राहकावर आधीच ठाण मांडून बसते, त्यामुळे हुकूम निघतो पण पोचत नाही. हृदय मात्र आपल्या लयीचा उगम स्वतःतच बाळगते, त्याला हा हुकूम लागत नाही. पापण्या आणि चेहरा आधी, मग मान आणि हातपाय, मग पोट आणि बरगड्यांमधले स्नायू आणि सर्वांत शेवटी श्वासपटल, या क्रमाने शरीर ढिले पडते. श्वासपटल थांबले की काही मिनिटांत प्राणवायूअभावी हृदयही थांबते.

इंग्लंडमध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी १८११-१२ च्या सुमारास दाखवले की विष दिलेल्या प्राण्याच्या फुफ्फुसांत हवा भरत राहिले तर त्याचे हृदय चालू राहते. पुढे १८१४ मध्ये इंग्लिश निसर्गअभ्यासक प्रवासी चार्ल्स वॉटरटन यांनी गयानातील मकुशी लोकांकडून आणलेल्या विषाचे प्रयोग ब्रॉडी आणि पशुवैद्य सीवेल यांच्या सोबतीने लंडनमध्ये केले. एका गाढवाच्या पायाला आवळपट्टी बांधून त्या पट्टीच्या खालच्या बाजूला विष घातले, तेव्हा ते गाढव तासभर हिंडले आणि त्याने चाराही खाल्ला. पट्टी सोडल्यावर दहा मिनिटांत ते मेले. तिसऱ्या प्रयोगातल्या गाढवीच्या खांद्यात विष घातले आणि दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुफ्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. दोन तासांनी तिने मान वर केली. भाता थांबवताच ती पुन्हा कोसळली, म्हणून आणखी दोन तास तो चालवला, आणि ती वाचली. वुरालिया असे तिचे नाव ठेवले गेले. वॉटरटनच्या कुरणात ती पुढे सुमारे पंचवीस वर्षे जगली आणि १८३९ मध्ये वारली.

भूलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रसंग पहिल्याच महिन्यात सांगावा असे माझे मत आहे. क्युरारेवर उतारा शोधण्याआधी माणसाच्या हातात भाता होता आणि तो पुरेसा होता.

त्यानंतरचे मोठे नाव फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे. १८४० आणि ५० च्या दशकांत पॅरिसमध्ये त्यांनी बेडकांवर केलेला प्रयोग इतका स्वच्छ आहे की तो आजही तसाच शिकवला जातो. बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधून बंद करायचा, पण त्या पायाचा मज्जातंतू मोकळा ठेवायचा. आता विष उरलेल्या शरीरात गेले, बांधलेल्या पायात गेले नाही. बेडूक लुळा पडला. त्याच्या पुढच्या, विषबाधित पायाला चिमटा घेतला की तो पाय हलत नाही, पण बांधलेला मागचा पाय झटका देतो. म्हणजे चिमटा जाणवला होता, मज्जारज्जूपर्यंत पोचला होता, तिथून हुकूमही सुटला होता. विषाने अडवली होती ती फक्त शेवटची पायरी. त्याच बेडकाच्या विषबाधित स्नायूला थेट विजेचा धक्का दिला तर तो आकुंचन पावतो, म्हणजे स्नायूही धडधाकट असतो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मध्ये काहीतरी आहे, हे अशा रीतीने एका विषाने उघड केले. ते 'काहीतरी' म्हणजे ॲसिटिलकोलीन हे हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवायला १९३६ साल उजाडावे लागले.

काजऱ्याची सावली

आमच्या दोडामार्गाकडच्या घरामागे काजऱ्याची दोन जुनी झाडे आहेत. नारिंगी गोल फळे, आत मऊ लव असलेल्या, नाण्यासारख्या चपट्या करड्या बिया. लहानपणापासून त्यांना हात लावू नका असे ऐकत आलो. वैद्य शुद्ध करून वापरतात तो कुचला याच बियांचा. काजऱ्याचे शास्त्रीय नाव स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका आहे असे वाचले होते. म्हणजे रानवेल सरांनी सांगितलेल्या स्ट्रिक्नॉसचाच हा भाऊबंद झाला. पण कुचल्याच्या विषबाधेत माणूस आखडतो, धनुष्यासारखा वाकतो असे ऐकले आहे. एकाच वंशाच्या दोन झाडांची विषे इतकी उलट कशी?

रानवेल (धागालेखक)

फार नेमका प्रश्न विचारलात. स्ट्रिक्नॉस हा मोठा वंश आहे आणि आशिया, आफ्रिका, अमेरिका अशा तिन्ही खंडांत तो पसरलेला आहे. गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी ज्या निवळीच्या बिया उगाळून मडक्यात घालत, ती निवळीही याच वंशातली आणि ती विषारी नाही. तेव्हा नुसत्या कुळावरून किंवा वंशावरून गुण ठरवता येत नाहीत, गुळवेलीच्या बाबतीतही हेच लक्षात घ्यावे.

काजऱ्यातील स्ट्रिक्निन मज्जारज्जूवर काम करते. तिथे ग्लायसीन नावाचे रसायन स्नायूंच्या हुकमांवर लगाम ठेवत असते. स्ट्रिक्निन ग्लायसीनचे ग्राहक अडवते, लगाम सुटतो आणि जरा आवाज झाला, स्पर्श झाला तरी सगळे शरीर ताठते. क्युरारेत लगाम जागेवर असतो, हुकूमच पोचत नाही.

पण या दोन विषांमधले अंतर रसायनाच्या भाषेत अगदी थोडे आहे, आणि ही गोष्ट मला अतिशय विलक्षण वाटते. १८६८ मध्ये एडिंबरोच्या क्रम ब्राऊन आणि फ्रेझर यांनी स्ट्रिक्निनच्या नायट्रोजनाला एक मिथिल गट जोडला, म्हणजे त्यावर कायमचा धनभार आणला, आणि तो पदार्थ प्राण्यांना दिला. झटके येणे बंद झाले आणि त्याऐवजी क्युरारेसारखे लुळेपण आले. रेणूची रचना आणि औषधाचा परिणाम यांचे नाते प्रयोगाने दाखवण्याचे हे फार आरंभीचे काम आहे. पुढे स्नायू ढिले करणारी कितीतरी कृत्रिम औषधे धनभारित नायट्रोजनाच्या याच धाग्याने शोधली गेली.

आपल्याकडची पहाडवेलही मेनिस्पर्मेसी कुळातली. तिच्या मुळांतील हयातीन या अल्कलॉइडापासून केलेल्या क्षारात क्युरारेसारखा गुण असल्याचे भारतीय औषधशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. तो पदार्थ नेहमीच्या वापरात आला नाही, पण ॲमेझॉनच्या वेलीचे गुण सह्याद्रीतल्या वेलीच्या मुळांत शोधणे किती सयुक्तिक होते हे त्यातून दिसते.

दक्षिणवारा

चर्चा उत्तम चालली आहे. एक मुद्दा मात्र आग्रहाने मांडायचा आहे. हुम्बोल्ट, वॉटरटन, बर्नार यांची नावे आपण घेतो, पण ज्या लोकांनी शेकडो वेलींतून नेमकी वेल निवडली, सालीत गुण आहे हे ओळखले, पाण्यात कढून अर्क घट्ट करण्याची रीत बसवली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. एस्मेराल्डाचा तो वृद्ध जाणकारही हुम्बोल्टच्या लेखनात नावाविना राहिला आहे. विष करणारा म्हणून त्याला मान होता आणि आपल्या कामाचा त्याला रास्त अभिमान होता, हे हुम्बोल्ट आवर्जून नोंदवतात. तरीही नाव नाही.

हे लोक अंदाजाने काम करत होते असेही कोणी समजू नये. अर्काची कडू चव हे त्यांचे एक माप होते. शिवाय बाण लागलेले माकड किती झाडे उड्या मारत जाऊ शकते यावरून ते विषाची ताकद सांगत, एका झाडाचे, दोन झाडांचे, तीन झाडांचे विष अशी. एका झाडाचे विष सर्वांत जालीम. आता १९४० च्या आसपास अमेरिकेतील स्क्विब कंपनीने हेच विष औषध म्हणून बाजारात आणले, तेव्हा प्रत्येक घाण्याची ताकद सारखी आहे हे त्यांनी कसे ठरवले? सशाला ते टोचायचे आणि त्याची मान खाली पडायला किती मात्रा लागते ते मोजायचे. माकडाने ओलांडलेली झाडे आणि सशाची पडलेली मान यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही. जिवंत प्राण्यावरच्या परिणामाने विष मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेच्या फार आधी जंगलात अस्तित्वात होती. आपण इतिहास लिहिताना 'शोध' हा शब्द फक्त पॅरिस आणि लंडनसाठी राखून ठेवू नये.

भूलतज्ज्ञ (जिल्ह्याचे गाव)

@दक्षिणवारा, मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि पुढची कथा त्याला पूरकच आहे.

बर्नारनंतर जवळजवळ नव्वद वर्षे क्युरारे दवाखान्यात येऊ शकले नाही, याचे मुख्य कारण हेच होते की शहरात पोचणारे विष कधी जहाल निघे, कधी निकामी. १८५० च्या दशकात काही डॉक्टरांनी धनुर्वातावर ते वापरून पाहिले. १९१२ मध्ये लाइपझिगच्या आर्थर लेवेन यांनी शस्त्रक्रियेतही ते वापरले, पण शुद्ध माल मिळेना आणि त्यांच्या कामाकडे कोणी लक्ष दिले नाही. १९३५ मध्ये लंडनला हॅरॉल्ड किंग यांनी बांबूच्या नळीत जपून ठेवलेल्या एका जुन्या नमुन्यातून शुद्ध ट्यूबोक्युरारीन वेगळे केले. त्यांच्याकडेही ते कोणत्या वेलीचे हे सांगणारे कोणी नव्हते.

भरपूर आणि ओळख पटलेले विष आणले ते इक्वेडोरमध्ये राहिलेल्या रिचर्ड गिल या अमेरिकन माणसाने. घोड्यावरून पडल्यानंतर काही काळाने त्याला मज्जासंस्थेचा आजार जडला, स्नायू आखडू लागले, आणि क्युरारेने आराम पडेल असे एका डॉक्टरने सुचवले. बरे वाटल्यावर १९३८ मध्ये तो पुन्हा जंगलात गेला, तिथल्या लोकांबरोबर राहिला आणि सुमारे बारा किलो विष व वनस्पतींचे नमुने घेऊन परतला. त्यातून स्क्विब कंपनीचे इंटोकॉस्ट्रिन तयार झाले. त्याचा पहिला उपयोग मनोरुग्णालयात झाला. तेव्हा औषधाने झटके आणण्याचा उपचार चाले आणि त्या झटक्यांत मणके मोडत. ते मोडू नयेत म्हणून नेब्रास्कातील डॉ. बेनेट यांनी हे औषध आधी द्यायला सुरुवात केली.

शस्त्रक्रियेत ते आणले हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी डॉ. एनिड जॉन्सन यांनी, २३ जानेवारी १९४२ रोजी, माँट्रियलच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलमध्ये. रुग्ण वीस वर्षांचा तरुण होता आणि शस्त्रक्रिया अपेंडिक्सची. सायक्लोप्रोपेनची भूल चालू असताना इंजेक्शन दिल्यावर पोटाचे स्नायू मऊ पडले. याचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती समजून घ्यायला हवी. पोट उघडल्यावर स्नायू ताठ राहिले तर सर्जनचा हात आत जात नाही, म्हणून ते ढिले पडेपर्यंत ईथर किंवा क्लोरोफॉर्मची भूल खोल खोल करत न्यावी लागे. त्या खोलीवर रक्तदाब घसरे आणि रुग्ण तासन्‌तास शुद्धीवर येत नसे. अशक्त, वृद्ध रुग्ण त्यातच दगावत. ग्रिफिथ यांनी त्याच वर्षी २५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. श्वासनलिकेत नळी घालण्यात ते वाकबगार होते, श्वास थांबला तर काय करायचे हे त्यांना पक्के माहीत होते, आणि म्हणूनच इतरांना जे धाडस झाले नाही ते त्यांनी जबाबदारीने केले असे मी मानतो.

सगळ्यांनी मात्र तशी जबाबदारी दाखवली नाही. १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा विद्यापीठ रुग्णालयांतील जवळपास सहा लाख भूल-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू ढिले करणारे औषध न वापरलेल्या रुग्णांत भुलीमुळे होणारा मृत्यू २,१०० मागे एक होता, तर ते वापरलेल्यांत ३७० मागे एक. औषधातच काही छुपा विषारी गुण असावा असे लेखकांना वाटले. टीकाकारांनी दाखवून दिले की खरे कारण अर्धवट चालणारा श्वास होते. औषधाचा अंमल उरलेला असताना रुग्णाला वॉर्डात पाठवले जाई.

सह्यकडा

डॉक्टर, बेडकाच्या प्रयोगावरून एक गोष्ट मनातून जात नाही. बेडकाला चिमटा जाणवत होता. मग हे औषध दिलेल्या माणसालाही सर्व काही जाणवत असणार. माझ्या आईची पुढच्या महिन्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

भूलतज्ज्ञ (जिल्ह्याचे गाव)

काळजी समजू शकतो, म्हणून नीट लिहितो.

होय, या औषधाने एकट्याने ना झोप येते, ना वेदना थांबते. दुर्दैवाने १९४० च्या दशकात काही डॉक्टरांचा असा समज झाला होता की मोठ्या मात्रेत क्युरारे भूलही देते, आणि काही रुग्णांवर त्या समजुतीने शस्त्रक्रियाही झाल्या. त्याचा निकाल लावला तो युटा विद्यापीठाच्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने, स्वतःवर प्रयोग करून. श्वास बंद पाडायला जेवढी मात्रा लागते तिच्या अडीचपट ट्यूबोक्युरारीन त्याने टोचून घेतले. दुसरे कोणतेही गुंगीचे औषध नाही. सहकारी त्याचा श्वास चालवत होते. पापणीसुद्धा हलत नव्हती. हालचाल परतल्यावर त्याने खोलीत कोण काय बोलले, कुठे टोचले, कधी काय विचारले, हे सगळे बिनचूक सांगितले. घशात साचलेल्या लाळेने गुदमरल्यासारखे वाटत होते हेही सांगितले. १९४७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि क्युरारे म्हणजे भूल नव्हे, यावर कोणी शंका घेण्याचे कारण उरले नाही.

त्यामुळे आज तुमच्या आईंना जी भूल दिली जाईल तिचे वेगवेगळे भाग असतील. झोपेसाठी वेगळे औषध, वेदनेसाठी वेगळे, स्नायूंसाठी वेगळे. लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे यांनी १९४६ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला आणि भुलीचे असे भाग पाडून प्रत्येक थोडा थोडा देण्याची पद्धत रुजवली, ती आजही आमचा पाया आहे. भुलीत जाग येण्याचा धोका अगदी शून्य नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत सर्वसाधारण भुलीच्या सुमारे १९,००० रुग्णांमागे एकाने जाग आल्याची तक्रार केली होती. स्नायू ढिले करणारे औषध दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८,००० मागे एक होते, आणि न दिलेल्यांत लाखाहून अधिक रुग्णांमागे एक. हा फरक स्वाभाविक आहे, कारण जो हलू शकतो तो आपण जागे आहोत हे कळवू शकतो.

याच विचारातून १९७७ मध्ये टनस्टॉल यांनी एक युक्ती सुचवली. औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला रक्तदाबाची पट्टी बांधून फुगवायची. औषध त्या पंजात पोचत नाही. मग शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला कानाशी सांगायचे, 'माझा हात दाबा.' रुग्ण जागा असेल तर तो हात दाबतो. बर्नारच्या बेडकाचा बांधलेला पाय आणि हा बांधलेला हात यांत मध्ये सव्वाशे वर्षे गेली, प्रयोग मात्र तोच. रोजच्या कामात आम्ही हे करत नाही, संशोधनात करतात. रोज आम्ही नाडी, रक्तदाब आणि श्वासातून बाहेर येणाऱ्या भुलीच्या वायूचे प्रमाण यांवर डोळा ठेवतो.

आईंच्या भूलतपासणीला सोबत जा. पूर्वी कधी भुलीत जाग आली होती का, नेहमीची औषधे कोणती, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे न विचारताही सांगा.

वॉर्ड क्रमांक सात

मी निवृत्त परिचारिका आहे. धनुर्वाताच्या वॉर्डात बरीच वर्षे काम केले. वर काजऱ्याच्या विषबाधेचे जे वर्णन आले आहे ते वाचताना धनुर्वाताचेच रुग्ण डोळ्यांसमोर आले, आणि त्याला कारणही आहे. धनुर्वाताच्या जंतूंचे विष ग्लायसीन सुटूच देत नाही, म्हणजे स्ट्रिक्निन जो लगाम अडवते तोच हे विष तोडते. आमच्या वॉर्डात खिडक्यांना जाड पडदे असत, औषधाची ट्रॉली ढकलताना चाकांचा आवाज होऊ नये म्हणून आम्ही ती उचलून नेत असू, कारण पेला खाली पडला तरी मुलाचे अंग कमानीसारखे उचलले जाई. झटके कोणत्याही झोपेच्या औषधाने आवरत नसत, तेव्हा रुग्णाला क्युरारेच्या जातीचे औषध देऊन संपूर्ण ढिले करत आणि श्वास यंत्रावर घेत. यंत्रे कमी असत. रात्र रात्र हाताने फुगा दाबलेला आहे. झोपेचे औषध बरोबर चालू आहे ना, हे दर पाळीला पाहण्याची आम्हाला सक्त ताकीद होती, आणि निश्चल पडलेल्या रुग्णाशी नाव घेऊन बोलायचे, काय करणार आहोत ते आधी सांगायचे, असा आमच्या मोठ्या सिस्टरांचा दंडक होता. स्मिथ यांच्या प्रयोगाविषयी आज प्रथमच वाचले, पण तो दंडक किती योग्य होता हे त्यातून कळते.

भूलतज्ज्ञ (जिल्ह्याचे गाव)

सिस्टर, तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे, कारण अतिदक्षता विभागाचा जन्मच याच कामातून झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये धनुर्वात झालेल्या एका नवजात बाळाला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी क्युरारे देऊन, हाताने फुगा दाबून श्वास दिला. ते बाळ वाचले नाही. पण काही आठवड्यांतच शहरात पोलिओची भीषण साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले भराभर मरू लागली, आणि तेथील एका डॉक्टरला ते बाळ आठवले. इब्सेन यांना बोलावण्यात आले. गळ्याशी श्वासनलिकेला छेद, त्यात नळी, आणि नळीला फुगा, एवढेच साधन. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने ते फुगे दाबले, आणि श्वासाचा लकवा झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पोलिओच्या रुग्णाला क्युरारे दिलेले नव्हते. पण लुळ्या पडलेल्या माणसाचा श्वास तासन्‌तास कसा चालवायचा, हे ज्ञान क्युरारे रोज वापरणाऱ्या भूलतज्ज्ञांकडेच होते.

काजऱ्याची सावली

आता शेवटची शंका विचारतो. वेलीचे क्युरारे आजही वापरतात का? आणि शस्त्रक्रियेनंतर औषधाचा अंमल पूर्ण उतरला हे कसे ओळखतात?

भूलतज्ज्ञ (जिल्ह्याचे गाव)

वेलीचे ट्यूबोक्युरारीन आता वापरात नाही. ते शरीरातून हिस्टामिन सोडवते, त्याने रक्तदाब पडतो. आमच्या ट्रेमध्ये आज व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम असतात आणि घाईच्या वेळेसाठी स्कोलीन असते. पहिली तिन्ही ग्राहक अडवण्याचे काम क्युरारेसारखेच करतात. ॲट्राक्युरियम तर रक्तात आपोआप विघटित होते, त्यामुळे मूत्रपिंड किंवा यकृत अधू असलेल्या रुग्णांत ते सोयीचे पडते.

अंमल उतरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी निओस्टिग्मिन देतात. ते ॲसिटिलकोलीन नष्ट होऊ देत नाही, त्याचा साठा वाढतो आणि तो ग्राहकावरून औषधाला हुसकावतो. या उताऱ्याचा पूर्वजही एक वनस्पतिविषच आहे, पश्चिम आफ्रिकेतील कालाबार शेंगेतील फायसोस्टिग्मिन. क्युरारेवर ते उपयोगी पडते हे व्हिएन्नाच्या याकोब पाल यांनी १९०० मध्ये दाखवले. १९३४ मध्ये मेरी वॉकर या ब्रिटिश डॉक्टरने, मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची लक्षणे क्युरारेच्या विषबाधेसारखी दिसतात एवढ्या साम्यावरून, त्या आजारात फायसोस्टिग्मिन देऊन पाहिले आणि रुग्णाच्या मिटलेल्या पापण्या उघडल्या. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमसाठी आता सुगामाडेक्स हे वेगळे औषध आहे, ते त्या रेणूला रक्तातच आपल्या पोकळीत कोंडून टाकते. किंमत मात्र अजून बरीच आहे.

अंमल उतरला का हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे रुग्णाला मान उचलून पाच सेकंद धरायला सांगणे. ती पुरेशी नाही, कारण काही अंमल शिल्लक असतानाही मान उचलता येते, आणि तेवढ्या शिल्लक अंमलातही गिळण्याचे स्नायू कमजोर असतात. खरी रीत अशी की मनगटाशी करंगळीच्या बाजूच्या मज्जातंतूवर दोन चिकटपट्ट्या लावून ओळीने चार बारीक धक्के द्यायचे आणि अंगठा चार वेळा किती हलतो ते यंत्राने मोजायचे. अंमल असेल तर प्रत्येक हालचाल आधीच्यापेक्षा क्षीण होत जाते. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ०.९ पट झाल्याशिवाय नळी काढू नये. हे यंत्र लहान आहे, आणि प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ते असावे यासाठी रुग्णालयांच्या व्यवस्थापनाने खर्च करायला हवा.